पेपरचा आठवडा आणि नडगीचं दुखणं

सेमिस्टर संपत आलं की लहान विद्यापीठाच्या मैदानावर एक दुखणं हमखास येतं: नडगीचं. आठवडाभर सबमिशन, जर्नलं पूर्ण करायची घाई, रात्री दोनपर्यंत जागरण, आणि सकाळी सहाला नेहमीचा सराव. धावपटू सांगतो, "सर, सराव तर काहीच वाढवला नव्हता." तो खरं बोलत असतो. सराव तेवढाच होता, तो पेलणारं शरीर मात्र त्या आठवड्यात तेवढं राहिलेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाच्या १०१ अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या दुखापतींचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. परीक्षांच्या आठवड्यांत दुखापतीची शक्यता निवांत आठवड्यांच्या जवळपास पावणेदोन पट निघाली, आणि प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्यांमध्ये त्याहूनही जास्त. अभ्यासाचा ताण आणि मैदानावरचा ताण शरीराच्या एकाच खात्यातून वजा होतो. आपल्याकडे मात्र त्यांचे हिशेब दोन वेगळ्या खोल्यांत राहतात: एक जिमखान्यात, एक परीक्षा विभागात.

नडगीच्या हाडात काय चालतं ते पाहिलं की हे लगेच पटतं. धावताना प्रत्येक पावलाला हाड किंचित वाकतं. त्या वाकण्याला उत्तर म्हणून शरीर आधी जुनं, थकलेलं हाड पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट थोडं कमजोर असतं. दुरुस्ती नीट व्हायला पुरेशी झोप आणि पुरेसं अन्न लागतं, आणि परीक्षेच्या आठवड्यात नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडतात. शिवाय डोकं पेपरमध्ये अडकलेलं असलं की पायाखालचा खळगा उशिरा दिसतो, तोल सावरायला उशीर होतो.

म्हणून सरावाची वही आणि परीक्षेचं वेळापत्रक एकत्र ठेवायला हवं. हे लहान विद्यापीठाला जितकं सहज जमतं तितकं मोठ्या विद्यापीठाला जमत नाही. चाळीस-पन्नास खेळाडू, चार-पाच विभाग, आणि एकाच कॅन्टीनमध्ये चहा घेणारे प्राध्यापक व क्रीडा शिक्षक. अमेरिकेतल्या लहान कॉलेजांचा गट, डिव्हिजन थ्री, १९७३ पासून खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाही. तिथला खेळाडू आधी विद्यार्थी म्हणून येतो. आपल्याकडची लहान विद्यापीठं मोठ्यांच्या पदकांच्या यादीकडे पाहत बसण्यापेक्षा हा धडा घेतील तर बरं.

वही कशी ठेवायची? सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला? अर्धा तास थांबायचं, कारण लगेच विचारलं तर शेवटच्या धावेची धाप उत्तर देते. आलेल्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. ४०० मीटर पळणाऱ्या मुलाचा साधा आठवडा असा दिसेल: सोमवारी ६० मिनिटं, जडपणा ४, म्हणजे २४०. मंगळवारी ७५ मिनिटांच्या वेगवान धावा, जडपणा ८, म्हणजे ६००. बुधवारी हलकं जॉगिंग १२०, गुरुवारी जिम ३००, शुक्रवारी २४०, शनिवारी ५६०, रविवारी सुट्टी. बेरीज २०६०. शेजारच्या रकान्यात झोपेचे तास आणि त्या आठवड्यातले पेपर किंवा सबमिशन. एवढंच. पाचशे रुपयांचं घड्याळ आणि दुरेघी वही पुरते.

चार-पाच आठवड्यांत वही बोलायला लागते. मंगळवारचा तोच सराव, तेवढ्याच मिनिटांचा, अचानक ८ ऐवजी ९ किंवा १० सांगितला जातो आणि झोपेच्या रकान्यात पाच तास दिसतात. नडगी दुखायच्या आधीची खूण हीच, आणि ती आपल्याला बऱ्याचदा आठवडाभर आधी मिळते.

मग पेपरच्या आठवड्यात सराव बंद करायचा का? नाही, आणि इथे बहुतेक जण चुकतात. स्पर्धेआधी सराव उतरवण्यावरच्या संशोधनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: दोन आठवड्यांत सरावाचं प्रमाण ४० ते ६० टक्के कमी केलं आणि वेग तसाच ठेवला तर कामगिरी टिकते, बहुधा सुधारते. पेपरच्या आठवड्यालाही हाच नियम लावता येतो. मंगळवारी ३०० मीटरच्या सहा धावा ४८ सेकंदांत होत असतील तर तीनच करायच्या, पण ४८ सेकंदांतच. सहाच्या सहा रमतगमत केल्या तर थकवा तेवढाच येतो आणि पायांचा वेग मात्र जातो. आठवड्याची बेरीज २०६० वरून हजारच्या आसपास यायला हवी.

सकाळचा सराव त्या आठवड्यात संध्याकाळी न्यावा. पौगंडावस्थेतल्या खेळाडूंच्या २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली. उलट बाजूही तपासली गेली आहे: स्टॅनफर्डच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, तेव्हा त्यांची ठरावीक धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. संघ छोटा होता, पण फरक मोठा. पुण्यात हिवाळ्यात आणखी एक कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, वर गरम हवेचं झाकण बसतं, आणि रस्त्यावरचा धूर त्याखाली अडकून राहतो. ऊन तापून हवा हलेपर्यंत जोरात धावणं म्हणजे तोच धूर मिनिटाला कितीतरी लिटर जास्त ओढणं.

वहीतले आकडे खरे असायचे तर मैदानही खरं हवं. बाबुराव सणस मैदानावर किंवा बालेवाडीला ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे, पण रोजचा सराव कॅम्पसवरच्या मातीत, फक्की मारलेल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर होतो. त्याचं गणित सोपं आहे. दोन सरळ बाजू ४० मीटरच्या, मग उरलेले १२० मीटर दोन वळणांत. त्यासाठी धावण्याच्या रेषेची त्रिज्या १९.१० मीटर येते. पण धावपटू फक्कीवर पळत नाही. उंच कडा नसलेल्या ट्रॅकवर माप आतल्या रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेर धरतात. म्हणून वळणाच्या मध्यबिंदूवर ठोकलेल्या खुंटीपासून फक्की १८.९० मीटरवर मारायची. हे वीस सेंटिमीटर विसरले की एक फेरी २०१.२६ मीटरची होते आणि दोन फेऱ्यांत अडीच मीटर जास्त. ५४ सेकंदांत ४०० पळणाऱ्याचा सेकंदाचा तिसरा हिस्सा इथेच जातो. मग बालेवाडीला गेल्यावर मुलगा "सुधारला" असं वाटतं, आणि खरं तर चुकलेली असते ती फक्की. नायलॉनची दोरीही नको. ती ताणली जाते. स्टीलची टेप घ्यावी.

या लहान ट्रॅकचा नडगीशी थेट संबंध आहे. ४८ सेकंदांत ३०० म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर. या वेगाने १९ मीटर त्रिज्येच्या वळणावर शरीराला आत सुमारे १२ अंश कलावं लागतं. मोठ्या ट्रॅकच्या पहिल्या लेनमध्ये, जिथे त्रिज्या ३६.८० मीटर आहे, साधारण ६ अंशच. नेहमी एकाच दिशेने पळाल्यावर डाव्या आणि उजव्या पायावर वेगवेगळा पीळ पडत राहतो. वॉर्म-अप आणि हलकं जॉगिंग उलट्या दिशेने करावं, वेगवान धावा जमतील तेवढ्या सरळ बाजूवर घ्याव्यात, आणि वेताळ टेकडीवर गेलात तर चढ पळावा, उतार चालत यावा. उतरताना पावलाचा आघात जास्त बसतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या मुलाला किमान ७२. मेसच्या दोन वेळच्या वरण-पोळीत ती पुरी होत नाहीत. दोन अंडी आणि एक पेला दूध यांनी वीस ग्रॅम वाढतात. अंडी नको असतील तर मूठभर शेंगदाणे आणि मटकीची उसळ. संध्याकाळी साडेपाचला सराव आणि आठला मेस असेल तर साडेचारला दोन केळी खावीत. मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय "दम कमी पडतो" असा शेरा मारू नये. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. १२ च्या खाली आकडा आला तर आधी डॉक्टर, मग वेगवान धावा. जेवणावर लिंबू पिळावं, चहा तासाभराने घ्यावा. चहातले घटक लोह नीट शोषू देत नाहीत.

दुखायला लागलंच तर बोटाने तपासा. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा भार कमी करून भागतं. एकाच टिचभर जागी बोट ठेवताच कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, किंवा एका पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं त्याच क्षणी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. तो हाडाचा बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही.

शेवटचा पेपर झाला की राहिलेला सराव भरून काढायची खुमखुमी येते. ती आवरायची. हजारावर उतरलेली बेरीज पहिल्या आठवड्यात १४००, दुसऱ्यात १७५०, आणि तिसऱ्यात पुन्हा दोन हजारांवर. पहिल्या दिवशी गवतावर तीस मिनिटं हलकं जॉगिंग आणि सरळ बाजूवर ८० मीटरच्या चार धावा, पाऊण वेगाने. अर्ध्या तासाने वही उघडून प्रश्न तोच: किती जड गेलं? उत्तर ४ च्या वर आलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.