मानेच्या वरच्या मणक्यांची स्क्रू शस्त्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वमंजुरीचा अर्ज

मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके म्हणजे सी१ आणि सी२. त्यांच्यामधला सांधा सैल झालाय, तो स्क्रूने पक्का करावा लागेल, असं सर्जन सांगतात तेव्हा घरच्यांसमोर दोन कामं एकदम उभी राहतात. एक शस्त्रक्रियेचा निर्णय आणि दुसरं विमा कंपनीची किंवा आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी. दुसरं काम निव्वळ कारकुनी वाटतं, पण तसं नाही. अर्ज तपासणारा डॉक्टर रुग्णाला पाहत नाही, तो फक्त कागद पाहतो. रुग्णाची लक्षणं, सांध्याचं चित्र आणि सुचवलेली शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी त्या कागदांवर एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

अर्जासाठी थांबू नका, अशी वेळ

हातापायातली ताकद कमी होत चालली आहे, चालताना तोल जातो आहे, लघवीवरचा ताबा सुटतो आहे, श्वास अपुरा पडतो आहे किंवा अपघातानंतर मान अस्थिर असल्याचं तपासणीत दिसलं आहे, तर आधी रुग्णालयात दाखल व्हा. या पातळीवर मज्जारज्जू दबला तर श्वासालाही धोका असतो. बहुतेक विमा पॉलिसींमध्ये आणि योजनांमध्ये तातडीच्या रुग्णासाठी वेगळा मार्ग असतो: आधी उपचार, मग ठरलेल्या मुदतीत कळवणं. ती मुदत पॉलिसीत शोधून ठेवा आणि केस पेपरवर ‘तातडीची केस’ अशी डॉक्टरांची स्पष्ट नोंद घ्या.

पात्र कोण ठरतं

नुसती मान दुखते म्हणून ही शस्त्रक्रिया होत नाही. सांधा अस्थिर आहे हे दिसावं लागतं. सी२ मणक्याचा दातासारखा उंचवटा सी१ च्या कड्यात पुढच्या बाजूला बसतो आणि मागून एक आडवा अस्थिबंध (लिगामेंट) त्याला जागेवर धरून ठेवतो. कड्याची पुढची कमान आणि हा दात यांच्यातलं अंतर प्रौढांमध्ये साधारण ३ मिमीपर्यंत आणि मुलांमध्ये ५ मिमीपर्यंत असतं. मान वाकवल्यावर ते याहून वाढत असेल, तर अस्थिरतेची शंका घेतली जाते. संधिवाताच्या रुग्णांत दातामागे मज्जारज्जूला उरलेली जागाही मोजतात. ती १४ मिमीहून कमी भरली तर गंभीर मानली जाते.

कारणं बरीच आहेत: अपघात, संधिवात, क्षयाचा संसर्ग, गाठ, जन्मजात दोष, डाउन सिंड्रोम. अपघातात नेमकं काय तुटलं, यावर बरंच अवलंबून असतं. अस्थिबंध मध्येच फाटला असेल तर तो सहसा आपोआप सांधत नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. अस्थिबंध हाडाचा तुकडा घेऊन सुटला असेल, तर हेलो नावाच्या कडक चौकटीत मान स्थिर ठेवून हाड जुळण्याची बऱ्यापैकी आशा असते. म्हणूनच ‘कॉलर किंवा हेलोने का भागणार नाही?’ हा प्रश्न मंजुरी देणारे हमखास विचारतात. त्याचं उत्तर अर्जात आधीच असायला हवं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलात अंतर थोडं वाढलेलं आहे पण लक्षणं काहीच नाहीत, अशा वेळी पुष्कळदा फक्त देखरेख ठेवतात. तिथे मंजुरी नाकारली गेली, तर तो अन्यायच असतो असं नाही.

कागदपत्रे

ओळखपत्र, पॉलिसी किंवा योजनेचं कार्ड आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक तर लागतंच. अपघात असेल तर पोलीस नोंदीची प्रत जोडा. खरी मेहनत घ्यायची ती वैद्यकीय कागदांवर.

मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे लागतात. ते सर्जनच्या सांगण्यावरूनच काढायचे. ताज्या अपघातात किंवा मज्जारज्जू दबलेला असताना स्वतःहून मान वाकवणं धोक्याचं आहे. हाडांसाठी बारीक छेदांचा सीटी स्कॅन, मज्जारज्जूसाठी एमआरआय आणि रक्तवाहिन्यांसाठी सीटी अँजिओग्राफी करतात. या सगळ्यांचे फक्त रिपोर्ट देऊ नका, मूळ प्रतिमांची सीडी किंवा डिजिटल प्रत द्या. रिपोर्टमध्ये ‘अस्थिरता आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर अंतर मिमीमध्ये लिहून द्यायची विनंती रेडिओलॉजिस्टना करा. त्या एका आकड्याने अर्जाला बळ येतं.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे सर्जनचं पत्र. त्यात लक्षणं कधीपासून आहेत, हातापायांच्या तपासणीत काय आढळलं, आधी कोणते उपचार झाले आणि आता कोणती पद्धत वापरायची आहे, हे हवं. दोन पद्धतींची नावं कानावर पडतील. एकीत दोन्ही मणक्यांतून आरपार स्क्रू जातो. ती मागर्ल या सर्जनची. दुसरीत सी१ आणि सी२ मध्ये वेगवेगळे स्क्रू बसवून ते जोडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अतुल गोयल यांनी ती प्लेट-स्क्रूच्या रूपात १९९४ मध्ये मांडली. पुढे २००१ मध्ये हार्म्स या सर्जननी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि रॉड वापरून तिला आजचं रूप दिलं.

काही जणांत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी सी२ मधून नेहमीपेक्षा वर चढलेली असते आणि ठरलेल्या जागी स्क्रू घालणं धोक्याचं ठरतं. मग स्क्रूची जागा किंवा पद्धत बदलावी लागते. म्हणून पत्रात पर्यायी योजनाही लिहून घ्या. मंजुरी एका पद्धतीची आणि बिल दुसऱ्या पद्धतीचं, असं झालं की दावा अडतो.

अर्ज कसा पुढे सरकतो

अर्ज सहसा रुग्णालयाचा विमा किंवा योजना कक्षच पाठवतो. त्यात काय लिहिलं आहे, हे पाठवण्याआधी वाचायला मागा. अंदाजपत्रकात स्क्रू-रॉडचा संच, दोन्ही मणके एकमेकांना जुळावेत म्हणून कमरेच्या हाडातून काढायचा हाडाचा तुकडा, शस्त्रक्रियेदरम्यान नसांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि अतिदक्षता विभाग वेगवेगळे दाखवलेले असावेत. शंका आली तर मंजुरी देणारे प्रश्न पाठवतात. त्याला नकार समजू नये. नकार आलाच तर कारण लेखी मागा आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर सर्जनचं उत्तर जोडून फेरविचाराचा अर्ज करा.

तोवर भूलतज्ज्ञांची तपासणी उरकून घ्या. मान न हलवता श्वासनलिकेत नळी घालायची असते, त्यामुळे ही तपासणी इथे फार महत्त्वाची आहे. रक्त पातळ करणाऱ्या आणि संधिवाताच्या औषधांची यादी त्यांना द्या. कोणतं औषध कधी थांबवायचं ते डॉक्टरच ठरवतील. तंबाखू, सिगारेट मात्र आजच बंद करा, कारण निकोटिनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो.

संमतिपत्र

सही करण्याआधी रक्तवाहिनीला इजा, मज्जारज्जूला इजा, जंतुसंसर्ग, डोक्याच्या मागच्या भागात बधिरपणा आणि हाड न जुळणं, हे धोके तुमच्या भाषेत समजावून घ्या. एक परिणाम मात्र नुसता संभवत नाही, तो होणारच असतो: मान डावी-उजवीकडे वळण्याचं जवळपास निम्मं काम याच सांध्यात होतं, आणि तो जोडल्यावर तेवढं वळणं कायमचं कमी होतं. गाडी चालवणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावं.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव मंजुरीपत्राशी जुळतं का ते पाहा. स्क्रू-रॉडच्या वेष्टनावरची कंपनी, आकार आणि बॅच क्रमांकाची चिकटपट्टी किंवा इम्प्लांट कार्ड मागून घ्या. दाव्यासाठी ते लागतं, आणि पुढे कधीही एमआरआय करायचा झाला तर तिथेही विचारतात. कामावरच्या रजेसाठी ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढ्यावर भागत नाही. किती आठवडे कॉलर घालायची, किती वजन उचलायचं नाही आणि फेरतपासणीचा सीटी स्कॅन कधी आहे, हे प्रमाणपत्रात लिहून घ्या.