डबा तोच, आत काय? : जुन्या कार रेडिओच्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून ‘विंटेज’ गाडीची व्याख्या नियमात घातली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी अथवा चारचाकी ती विंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. डॅशबोर्डमधल्या रेडिओचा या मजकुरात उल्लेख नाही, आणि असण्याचं कारणही नव्हतं. मात्र साठच्या दशकातली फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडर ज्यांनी जपली आहे, त्यांचा ‘मूळ रूपा’वरचा वाद हमखास रेडिओपाशी येऊन अडतो. इंजिन भलत्याच गाडीचं घातलं तर ती मूळ राहत नाही, याला कोणाची ना नाही. पण रेडिओची काच, काटा आणि दोन बटणं तशीच ठेवून आतला सगळा ऐवज काढला आणि तिथे ब्लूटूथचा बोर्ड बसवला, तर?

प्रश्न हौशी मंडळींचा वाटतो, पण त्याचं मूळ गाडीपेक्षा प्रक्षेपणाच्या इतिहासात जास्त आहे.

गाडीत रेडिओ बसवण्याचा धंदा अमेरिकेत १९३०च्या सुमारास उभा राहिला. त्या काळाबद्दल इथे एवढंच पुरे की व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरच्या आधी तेच काम करणाऱ्या काचेच्या नळ्यांना) दीडशे-दोनशे व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी असे सहा व्होल्टची. मधली सोय म्हणून व्हायब्रेटर आला. सेकंदाला शंभरेक वेळा सर्किट जोडत-तोडत राहणारा हा गुणगुणता डबा म्हणजे त्या रेडिओंचं हृदय. त्याचे पॉइंट काळे पडले की रेडिओ मुका. आज तो मिळेनासा झाल्यामुळे त्याच डब्यात ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट भरून काम भागवतात आणि त्यावरून कोणी भांडत नाही. पुढच्या वादासाठी हे ध्यानात ठेवायला हवं. व्हायब्रेटरच्या ट्रान्सफॉर्मरवरचे झटके झेलणारा बफर कंडेन्सर बदलल्याशिवाय असा रेडिओ चालू करू नये, हा नियमही तेव्हापासूनचाच. तो गळका निघाला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारे हात आता थोडेच उरलेत.

पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ अमेरिकेत १९५५मध्ये जाहीर झाला. किंमत १५० डॉलर, म्हणजे चैनीचीच वस्तू. आपल्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक सेट त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतले असतात, आणि ते समजायचे तर त्या काळी गाडीत ऐकायला काय होतं ते आधी पाहावं लागतं.

१९५२मध्ये सरकारी नभोवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठला घराघरात कुठलं स्टेशन लागे, ते इथे सांगत बसत नाही. मुद्दा असा की सिलोन लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर), २५ आणि ४१ मीटरवर लागे, तर अमेरिकी बनावटीच्या कार रेडिओत बहुधा फक्त मध्यम लहर (मीडियम वेव्ह) असे. म्हणजे परदेशातून हौसेने आणवलेला रेडिओ गाडीत बसवूनही, सगळा देश जे ऐकत होता ते ऐकू येत नसे. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. पुढे १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई-पुणे-नागपूरला तिच्यावर जाहिराती आल्या, आणि गाडीतल्या मध्यम लहरीला तेव्हा कुठे खरा अर्थ आला. रेडिओ बाळगायला टपाल खात्याचा परवाना लागे, वर्षाला १५ रुपये. ही भानगड ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. जुन्या गाडीच्या कप्प्यात तिकिटं चिकटवलेलं परवान्याचं पुस्तक सापडलं तर फेकू नये. रेडिओ गाडीचाच आहे की मागाहून कोणी बसवला, हे ठरवायला त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही.

आयातीवर निर्बंध होते. त्यामुळे इथे जे बनलं ते बरंचसं युरोपीय आराखड्यावर, जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरून. जर्मेनियमचे बहुतेक ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे. बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असेल तर त्यांचं सर्किट सरळ बसतं. ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत हाच रिवाज होता आणि अ‍ॅम्बॅसिडर त्याच घराण्यातली. फियाटमध्ये मात्र ऋण टोक बॉडीला. दोन्हीकडे चालावं म्हणून कित्येक सेटच्या पाठीमागे अर्थिंग उलटवायची पट्टी किंवा प्लग दिलेला असे. पुढे मालकाने डायनॅमो काढून अल्टर्नेटर बसवला, त्याच्यासाठी बॅटरी उलटी जोडली आणि रेडिओची पट्टी तशीच राहिली, असे किती सेट बळी गेले याची गणती नाही. आजही जुना सेट हातात आला की जाणता मेकॅनिक चालू करण्याआधी त्याची पाठ बघतो. मग २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब मालिकेत जोडून वीज देतो. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पण निदान आणखी काही जळत नाही.

याच काळातल्या एएफ ११४ ते एएफ ११७ या ट्रान्झिस्टरांची गंमत वेगळी. त्यांच्या पत्र्याच्या टोपीत आतल्या बाजूने वर्षानुवर्षं कथलाचे केसासारखे तंतू वाढत जातात आणि एक दिवस आतल्या तारेला टेकतात. रेडिओ कपाटात बंद असला तरी हे होतं, म्हणून ‘वापरलाच नाही, मग बिघडेल कसा’ या युक्तिवादाला अर्थ नाही. चार पायांपैकी टोपीला जोडलेला पाय कापला की बरेचदा जीव परततो. त्या जागी सिलिकॉनचा घालायचा तर नुसती अदलाबदल चालत नाही. जर्मेनियमला सुरू व्हायला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ च्या पुढे लागतात, म्हणजे आजूबाजूचे रेझिस्टर बदलणं आलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे नवे सुटे भाग मिळतात, पण जर्मेनियमसाठी अजून चोरबाजार किंवा जुन्या बाजारातली भंगार सर्किटं धुंडाळावी लागतात.

डायलचीही एक कथा आहे. तेव्हाच्या डायलवर मीटर छापलेले असत आणि निवेदकही आधी मीटर सांगत, मग किलोहर्ट्झ. जिनिव्हात ठरलेला नवा आराखडा २३ नोव्हेंबर १९७८ला लागू झाला आणि आशिया-युरोप-आफ्रिकेतली मध्यम लहरीवरची केंद्रं नऊ किलोहर्ट्झच्या पटीत बसवली गेली. मुंबईचे ५५८, १०४४ आणि ११८८, पुण्याचे ७९२, नागपूरचे ५८५ हे सगळे आकडे नऊने भागून पाहावेत. काटा हाताने फिरवायच्या रेडिओला याचं सोयरसुतक नव्हतं. पाच दट्ट्यांच्या सेटमध्ये दट्ट्या बाहेर ओढायचा, नव्या जागी स्टेशन लावायचं आणि आत दाबायचा, की झालं. नंतर आलेल्या अमेरिकी डिजिटल सेटना मात्र दहा-दहाच्या पायऱ्या होत्या. १०४४ ऐकायचं तर १०४० किंवा १०५०, दोन्हीकडे आवाज फाटका. ‘परदेशी सेट खराब निघाला’ अशी ज्याची तक्रार असे, तो पुष्कळदा खराब नसायचाच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि डॅशबोर्डवर करवत चालली. जुने रेडिओ दोन बटणांच्या दांड्यांवर टांगलेले असत, नव्या प्लेअरना १८० बाय ५० मिलिमीटरचं आयताकृती भगदाड लागे. मूळ पत्रा कापून ते पाडलं गेलं, आणि काढलेला रेडिओ माळ्यावर गेला किंवा भंगारात. आज शाबूत रेडिओपेक्षा न कापलेला डॅशबोर्ड दुर्मीळ आहे.

मग एफएम. चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, १९७७मध्ये. खासगी निर्मात्यांना वेळ विकत देण्याचा प्रयोग १९९३मध्ये. पूर्ण खासगी केंद्र २००१मध्ये बंगळुरात आणि पाठोपाठ मुंबईत. गाडीत ऐकणारा वर्ग दोन-तीन वर्षांत तिकडे सरकला. मध्यम लहरीवरचे कित्येक प्रक्षेपक पुढे बंद झाले, काही डिजिटल पद्धतीकडे वळले. त्या डिजिटल प्रक्षेपणावर जुना रेडिओ लावला तर नुसती सळसळ ऐकू येते, जणू वाळू चाळतंय कोणी. उरलेल्या केंद्रांवर एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर यांची घरघर चढलेली. म्हणजे रेडिओ कारागिराने शंभर टक्के बरा केला तरी त्याला ऐकवायला फारसं काही उरलेलं नाही.

‘मूळ’चा वाद इथून सुरू होतो. त्यात शब्दांनी गोंधळ आणखी वाढवला आहे. ‘रिस्टोरेशन’ला मराठीत पुनरुज्जीवन, पुनर्स्थापना, जीर्णोद्धार असे नाना शब्द वापरतात. गॅरेजमध्ये यातला एकही चालत नाही. तिथे ‘बनवला’ म्हणतात, नाहीतर ‘ओरिजिनल आहे’. आणि ‘ओरिजिनल’चे निदान तीन अर्थ. विकणाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ बाहेरचा डबा त्याच गाडीचा. मेकॅनिकच्या तोंडी, सर्किट मूळ आराखड्याचं. कंडेन्सर नवे असले तरी चालतं. संग्राहकाच्या तोंडी, कारखान्यातला डागसुद्धा कोणी हलवलेला नाही. तिघे एकाच सेटबद्दल बोलतात आणि तिघेही खरं बोलतात.

जीर्णोद्धार हा शब्द मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, भलत्याच कारणासाठी का होईना. गावोगावच्या देवळांचा जीर्णोद्धार आपण पाहिलेला आहे. काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स, लाकडी सभामंडपाच्या जागी स्लॅब. देव तोच, नाव तेच, देणगीदारांची पाटी नवी. ब्लूटूथ भरलेला रेडिओ हा नेमका या जातीचा जीर्णोद्धार आहे.

बोर्ड भरणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे: गाडी चालवायला असते, रेडिओ ऐकायला. व्हायब्रेटर ट्रान्झिस्टरचा घातलेला चालतो, सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदललेले चालतात, मग रेघ नेमकी कुठे मारायची? त्यावर दुसरी बाजू म्हणते की व्हायब्रेटर बदलला तरी रेडिओ तेच काम करतो, हवेतली लहर पकडून आवाज काढतो. बोर्ड भरल्यावर तो ते काम करत नाही, तो नुसता मोबाइलचा भोंगा होतो. शिवाय काढलेलं सर्किट बहुतेक वेळा मालकाला परत दिलंच जात नाही, भागांसाठी दुसरीकडे जातं. इथेच माझा कल कुठे आहे ते लपत नाही. सर्किट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून गाडीच्या कप्प्यात ठेवलं तर निम्मा वाद मिटेल, पण तेवढं करणारे विरळा.

मधला मार्ग बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. मोबाइलचा आवाज मध्यम लहरीच्या एखाद्या रिकाम्या जागेवर चढवणारं काडेपेटीएवढं सर्किट एरियलच्या वायरीत मध्ये जोडायचं. रेडिओ उघडायचाच नाही. काटा त्या जागी नेला की गाणं मूळच्या ट्रान्झिस्टरांतून, मूळच्या अंडाकृती स्पीकरमधून येतं. थोडं बोदं, थोडं कोंडलेलं, पण साठच्या दशकात गाणं गाडीत असंच ऐकू येत होतं. नको झालं की प्लग काढला.

मूळ सर्किट राखायचं ठरवलं तर कामाचा क्रम फारसा बदललेला नाही. घरगुती सेटची सवय असलेला मेकॅनिक इथे एक चूक हटकून करतो: आयएफ, म्हणजे पकडलेलं स्टेशन आत ज्या एका ठरावीक कंप्रतेवर आणलं जातं ती, ४५५ किलोहर्ट्झला जुळवायला जातो. अमेरिकी कार रेडिओत ती पुष्कळदा २६२ च्या आसपास असते, आणि कॉइलचे गाभे फिरवून ठेवले की मूळ जागा पुन्हा सापडणं कठीण. दुसरं, स्टेशन लावण्यासाठी या रेडिओत बहुधा गँग कंडेन्सर (फिरणाऱ्या पानांचा कंडेन्सर) नसतो. हादऱ्यांनी त्याची पानं थरथरतात, म्हणून कॉइलमध्ये सरकणारे फेराइटचे गाभे असतात. त्यांना तेल देऊ नये, आत धूळ चिकटते. एरियलची वायर तुटली म्हणून टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडला तर रेडिओ बहिरा होतो, कारण कार एरियलची केबल मुद्दाम कमी कपॅसिटन्सची बनवलेली असते आणि रेडिओचं पहिलं सर्किट तिच्याच हिशोबाने जुळवलेलं असतं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय आवाज वाढवून पाहायचा नाही.

शेवटचं काम गाडीतच करायचं. एरियलच्या सॉकेटजवळ एक बारीक स्क्रू असतो, एरियल ट्रिमर. एरियल पूर्ण ओढून, काटा १४०० किलोहर्ट्झच्या आसपास नेऊन, दूरचं एखादं क्षीण स्टेशन पकडायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथे स्क्रू सोडायचा, असं जुन्या सर्व्हिस पुस्तिकांत सांगितलेलं असतं. मुंबईत डायलच्या त्या टोकाला दिवसा स्टेशन सापडणं मुश्कील. मग रिकाम्या जागेवरच्या खरखरीवर जुळवतात. इंजिन बंद, काचा वर, कान स्पीकरला, आणि खरखर जिथे सर्वांत मोठी, तिथे स्क्रू सोडायचा.