औद्योगिक नियंत्रण जाळ्यांतील सिरियल-इथरनेट स्थित्यंतर

कारखान्यातील पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण), मीटर आणि तापमान नियंत्रक यांना जोडणाऱ्या आरएस-४८५ सारख्या जुन्या पद्धतीच्या सिरियल तारा काढून तिथे संगणकांच्या जाळ्यांत वापरले जाणारे इथरनेट आणणे म्हणजे हे स्थित्यंतर. तार बदलणे त्यातला सोपा भाग. खरा कस वेळेच्या हिशेबात लागतो.

मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी मॉडबस प्रोटोकॉल (उपकरणांनी आपसात बोलण्याचे नियम) आणला. आरएस-४८५ वर तो एकाच पीळदार तारजोडीवरून सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालतो. मास्टर, म्हणजे मुख्य उपकरण, विचारतो आणि ज्याचा पत्ता पुकारला तोच स्लेव्ह, म्हणजे दुय्यम उपकरण, उत्तर देतो. शिस्त चोख, पण वेग तुटपुंजा. ९,६०० बॉडवर (सेकंदाला ९,६०० बिट) १० रजिस्टर (उपकरणातले आकडे साठवणारे कप्पे) वाचायचे तर प्रश्नोत्तराचे ३३ बाइट तारेवरून जायलाच सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. ३० उपकरणांची फेरी सेकंदापलीकडे जाते. त्यातले एखादे बंद असेल तर टाइमआउट होईपर्यंत, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपेपर्यंत, सगळेच खोळंबतात.

१९९९ मध्ये इथरनेटवर चालणारा मॉडबस टीसीपी आला. रजिस्टर आणि फंक्शन कोड (वाचा, लिहा अशा आदेशांचे क्रमांक) जुनेच राहिले. टीसीपी आणि इथरनेट हे खालचे थर स्वतःच चूक तपासतात म्हणून सीआरसी (संदेशातली चूक पकडणारा आकडा) गळाला आणि ७ बाइटचे शीर्षक जोडले गेले.

जुन्या इथरनेटमध्ये संदेश एकमेकांवर आदळत, म्हणून नियंत्रण अभियंते त्याला बिचकत आणि ते रास्तच होते. फुल-डुप्लेक्स स्विचमुळे (एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश नेणारे जोडयंत्र) टकरी थांबल्या, तरी स्विचमधली संदेशांची रांग उरतेच. पंप किंवा मीटर वाचताना ती जाणवत नाही. अनेक मोटरी एका तालात फिरवताना मात्र प्रोफिनेट आयआरटी किंवा २००३ मधील इथरकॅटसारखी वेळबद्ध व्यवस्था लागते.

सगळा प्लांट एकदम बंद ठेवणे क्वचितच परवडते. त्यामुळे आधी गेटवे (इथरनेट आणि सिरियल तार यांमधला दुभाष्या) बसवून जुनी उपकरणे तशीच वापरतात. गेटवेमागची तार मात्र तेवढीच संथ असते; स्काडा (प्लांटवर देखरेख ठेवणारी संगणक प्रणाली), एचएमआय (चालकासमोरचा पडदा) आणि नोंदी ठेवणारा सर्व्हर असे तिघे एकदम विचारू लागले की ती तुंबते. हे न मोजता केलेले काम हमखास फसते.

सुरक्षेकडे होणारे दुर्लक्ष त्याहून गंभीर आहे. मूळ मॉडबसमध्ये ओळख तपासण्याची सोयच नाही. सिरियल तारेवर काही लिहायला तारेपाशी यावे लागे. मॉडबस टीसीपी वापरत असलेले ५०२ क्रमांकाचे पोर्ट (संगणकाचे संदेशद्वार) ऑफिसच्या नेटवर्कला उघडे राहिले तर कोणीही झडप उघडू शकतो. वेगळे व्हीलॅन (एकाच जाळ्यातला स्वतंत्र कप्पा) आणि फायरवॉल (नको ते संदेश अडवणारी भिंत) पहिल्या दिवसापासूनच हवेत.

तांब्याच्या नेहमीच्या इथरनेट केबलला १०० मीटरची मर्यादा असल्याने लांबवर फायबर टाकतात. २०१९ मध्ये मानक झालेले १०बेस-टी१एल हे इथरनेट एकाच तारजोडीवरून १० मेगाबिट वेगाने १,००० मीटरपर्यंत जाते. त्यावर आधारलेले इथरनेट-एपीएल स्फोटाचा धोका असलेल्या रासायनिक प्रकल्पांतही चालते, आणि योग्य प्रतीची जुनी फील्डबस केबल (प्लांटमधली उपकरणे जोडणारी केबल) त्यासाठी पुन्हा वापरता येते.