प्रत्यंचा

धनुष्याच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवलेली दोरी. संस्कृतात ज्या, गुण, मौर्वी, शिंजिनी. मराठीत चिल्ला असेही म्हणतात. त्रिकोणमितीतील ‘ज्या’ ही संज्ञा हिच्यावरूनच आली. शिकारीच्या धनुष्याची निगा म्हणजे बव्हंशी प्रत्यंचेची निगा होय. कामठा वर्षानुवर्षे टिकतो. दोरी मात्र ओल, घर्षण व ताण यांनी सतत बदलत असते. ती किती दिवसांनी तपासावी, हे ती कशाची आहे यावर अवलंबून असते.

ऋग्वेदात (६.७५.३) ताणलेली ज्या कानाशी काही सांगू पाहणाऱ्या स्त्रीसारखी वर्णिली आहे. दुसऱ्या एका ऋचेत (१०.२७.२२) ‘वृक्षावृक्षाला बांधलेली गाय हंबरते’ असे म्हटले आहे. येथे वृक्ष म्हणजे धनुष्य व गाय म्हणजे ज्या, असा अर्थ निरुक्तकार यास्काने लावला आणि तो सामान्यतः मान्य आहे. मात्र ‘गो’ हा शब्द कातडे व स्नायू दोन्हींसाठी येत असल्याने दोरी नेमकी कशाची होती, याचा निर्णय केवळ या शब्दावरून होत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (२.१८) मूर्वा, अर्क, शण, गवेधु (एक तृण), वेणू आणि स्नायू अशी ज्येची सहा द्रव्ये दिली आहेत. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. त्याचे संपादक व अनुवादक रा. प. कंगले यांनी तो मौर्यकालीन मानला. आजचा मजकूर इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आकाराला आला, हे नंतरच्या काही अभ्यासकांचे मत अधिक सावध वाटते. अर्क म्हणजे रुई व शण म्हणजे ताग, याविषयी फारसा मतभेद नाही. वेणूची, म्हणजे बांबूच्या सालपट्टीची, दोरी भिल्लांच्या तीरकामठ्यात अलीकडेपर्यंत दिसे.

खरा वाद मूर्वेचा आहे. मनुस्मृतीत (२.४२) क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या ज्येची, तर ब्राह्मण बटूची मुंज गवताची सांगितली आहे, मराठीतला ‘मुंज’ हा शब्द त्या गवतावरूनच आला. मूर्वा म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती दाखवल्या जातात : मार्सडेनिया टेनॅसिसिमा ही वेल, केरळात कोनेमॉर्फा, काहींच्या मते सान्सेव्हिएरिया, आणि महाराष्ट्रात मोरवेल. मोरवेलीच्या बाजूने नामसाधर्म्यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. सान्सेव्हिएरियाच्या पानांतून चांगला धागा निघतो. तथापि राजमहालच्या डोंगरी लोकांनी प्रत्यंचेसाठी प्रत्यक्ष वापरलेला, विलक्षण चिवट धागा मार्सडेनियाचा असल्याने तिचा दावा वजनदार ठरतो. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशानेही मूर्वा म्हणून तीच घेतली आहे.

स्नायूची दोरी ओल लागताच सैल पडते, म्हणून पावसाळी हवेत ती झाकून ठेवावी लागते. अखंड लाकडाच्या धनुष्याची दोरी काम झाल्यावर उतरवतात, नाहीतर लाकूड कायमचा बाक धरते. दोरी चढवल्यावर मूठ कामठ्यावर टेकवून अंगठा उभा धरायचा; त्याचे टोक दोरीला लागले तर कामठा व दोरी यांमधले अंतर ठीक, ही जुनी इंग्रजी पद्धत. अंतर कमी भरले तर दोरीला आणखी पीळ देतात. पिळाने दोरी आखूड होते व अंतर वाढते. ही पाहणी प्रत्येक वेळी दोरी चढवल्यावर करायची असते.

हॉलिस विल्बर ॲलन या अमेरिकनाने कप्प्यांच्या धनुष्यासाठी (कंपाउंड बो) १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पेटंट १९६९ मध्ये मिळाले. अमेरिकेतील शिकारी आज मुख्यतः याच प्रकारचे धनुष्य वापरतात. याची दोरी एरवी उतरवत नाहीत. ती बदलायला दाबयंत्र लागते. दोरी किंचित जरी लांबली तरी दोन कप्प्यांची फिरण्याची वेळ जुळत नाही आणि दोरीत बसवलेले नेमकडे (ज्यातून पाहून नेम धरतात ते छोटे कडे) तिरके वळते. शिकाऱ्याला बिघाडाची पहिली चाहूल बहुधा या नेमकड्यावरूनच लागते. म्हणून कप्प्यांवरील खुणा हंगामाआधी, तसेच धनुष्य पडल्यास किंवा बाणाशिवाय सुटल्यास, लगेच पाहतात.

पॉलिएस्टरची दोरी बरीच ताणते. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची कमी ताणते, पण सतत भाराखाली हळूहळू लांबते. धागे पिंजल्यासारखे दिसू लागले की मेण लावून बोटांनी चोळतात. घर्षणाच्या उष्णतेने ते आत मुरते. नियमित वापरात हे दर काही आठवड्यांनी करावे लागते. बाण अडकवण्याच्या जागेवरील गुंडाळीला मात्र मेण लावत नाहीत. एखादा पदर तुटलेला दिसला तर दोरी तत्काळ बदलतात. एरवी दोन-तीन वर्षांनी. नवी दोरी पहिल्या शंभर-दोनशे बाणांत बसते, आणि त्यानंतर सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते.