ऑपरेशनआधी हेअर एक्स्टेंशन काढावंच लागतं का?

"एक्स्टेंशन (वरून जोडलेले जादा केस) असले तर ऑपरेशनमध्ये केसातून करंट लागतो, आधी सगळे काढा", असा फॉरवर्ड नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतच असतो. भीती अगदीच हवेतली नाही, पण सरसकट खरी पण नाही.

करंट असतो तो रक्त थांबवायच्या मशीनचा, कॉटरीचा, आणि प्रश्न केसांचा नसून धातूचा आहे. क्लिपवाले असतील तर घरीच काढून ठेवा, कारण बेशुद्धीत तासन्‌तास डोकं एकाच जागी राहतं आणि क्लिप टोचली तरी आपल्याला कळत नाही ना. बारीक रिंगांनी केसाला अडकवलेले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. शिवलेले किंवा टेपचे, ज्यात धातू नाही, ते डोक्या-मानेचं ऑपरेशन नसेल तर बरेचदा राहू देतात.

आत धातू आहे का, हे तपासायचं कसं? लोहचुंबक लावून बघू नका, रिंगा बरेचदा अ‍ॅल्युमिनियम नाहीतर तांब्याच्या असतात, त्या चिकटतच नाहीत. सीताबर्डी असो की धरमपेठ, जिथं लावले त्या पार्लरवाल्या ताईला विचारा आत काय आहे, आणि भूलतज्ज्ञ तपासतात तेव्हा हेच सांगा, शेवटचा शब्द त्यांचाच. एमआरआय असेल तर तिथं वेगळं सांगा.