आपत्तीनंतर मुलांचे आणि शाळांचे सावरणे

भूकंप, पूर, चक्रीवादळ, वणवा अशा नैसर्गिक आपत्तीनंतर मुलांचे मन, शिक्षण आणि रोजचे जगणे पुन्हा रुळावर कसे येते, त्याला किती काळ लागतो आणि कोण मागे राहते, याचा शोध घेणारे अभ्यासक्षेत्र. मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ असे सगळेच त्यात आहेत. कोणी लक्षणे मोजतो, कोणी परीक्षेतले गुण, कोणी हजेरी. साहजिकच ‘सावरला’ कोणाला म्हणायचे यावर त्यांचे एकमत नाही.

‘पोरं लवकर विसरतात’ हा समज जुना आहे आणि अजून पुरता गेलेला नाही. ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी १९८३ मध्ये पेटलेल्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यानंतर मनोविकारतज्ज्ञ अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी ८०८ शाळकरी मुलांची दोन, आठ आणि सव्वीस महिन्यांनी पाहणी केली, तेव्हा आठव्या महिन्यात दिसलेला त्रास सव्विसाव्यातही ओसरलेला नव्हता. मुलाने आग किती जवळून पाहिली, यापेक्षा त्याच्या आईवर त्या प्रसंगाचा किती परिणाम झाला, यावरून मुलाच्या त्रासाचा अंदाज अधिक बरोबर येत होता. मुलाला आधार द्यायचा तर आधी घरातल्या मोठ्यांकडे पाहावे लागते, हे त्यातून पुढे आले.

पुढच्या अभ्यासांत सगळ्या मुलांच्या सरासरीपेक्षा प्रत्येक मुलाची काळागणिक वाटचाल पाहण्यावर भर आला. बहुतेक पाहण्यांत तीन गट दिसतात : फारसा त्रास न झालेली मुले, आधी त्रास होऊन हळूहळू सावरलेली मुले आणि बराच काळ त्रासातच राहिलेला एक छोटा गट. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहराला झोडपणाऱ्या २००५ च्या कत्रिना वादळानंतर समाजशास्त्रज्ञ ॲलिस फॉदरगिल आणि लोरी पीक यांनी मुलांचा सात वर्षे मागोवा घेतला. काहींची घडी बसली, काहींची घसरण चालूच राहिली, तर काही मुले कधी वर कधी खाली होत राहिली. वादळाआधीच ज्यांच्या घरी पैसा आणि आधार कमी होता, त्यांना सावरायला जास्त हात लागले आणि नेमके तेच त्यांना कमी मिळाले.

शिक्षणाच्या नुकसानीचा सर्वांत बोलका अभ्यास पाकिस्तानातला आहे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी सकाळी, शाळा भरलेल्या असताना भूकंप झाला आणि हजारो मुले वर्गातच दगावली. ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास यांनी चार वर्षांनी तिथल्या कुटुंबांची पाहणी केली. मदत पोहोचली होती. घरांची आर्थिक स्थिती आणि सोयीसुविधा पाहिल्या, तर भूकंपरेषेजवळची (भूकंप ज्या भेगेवर झाला तिच्याजवळची) गावे दूरच्या गावांपेक्षा मागे नव्हती. मुले शाळेतही परतली होती. पण चाचणी घेतल्यावर भूकंपरेषेजवळची मुले स्पष्टपणे मागे पडलेली दिसली. शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या, आणि तूट मात्र १४ आठवड्यांच्या अभ्यासापेक्षा कितीतरी मोठी होती. याचे एक संभाव्य कारण असे, की बुडालेला भाग भरून न काढता अभ्यासक्रम पुढे सरकत राहिला, आणि पाया कच्चा राहिलेले मूल दरवर्षी थोडे आणखी मागे पडत गेले. ज्यांच्या आईने प्राथमिक शिक्षण पूर्ण केले होते, त्या मुलांत ही तूट नव्हती. भूकंपाच्या वेळी आईच्या पोटात किंवा तान्ही असलेली मुले मात्र पुढे उंचीला कमी भरली. आईचे शिक्षण तिथे उपयोगी पडले नाही.

ही तूट उशिरा उघडी पडते, हे ऑस्ट्रेलियातल्या २००९ च्या ‘ब्लॅक सॅटरडे’ वणव्यानंतरही दिसले. लिसा गिब्ज आणि सहकाऱ्यांनी २४,६४२ प्राथमिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. जास्त झळ पोचलेल्या शाळांतल्या मुलांची तिसरी ते पाचवी या टप्प्यातली वाचन आणि गणितातली प्रगती, आगीला काही वर्षे उलटल्यावरही, कमी होती. तोवर मदतीचे कार्यक्रम बहुधा गुंडाळलेले असतात. उलट उदाहरणही आहे : कत्रिनामुळे विस्थापित झालेल्या विद्यार्थ्यांचे गुण पहिल्या वर्षी कोसळले, पण न्यू ऑर्लीन्सच्या सुमार शाळांमधून बाहेर पडलेले अनेक जण पुढे पूर्वीपेक्षा वर गेले, असे अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांना आढळले.

शाळा उघडली म्हणजे सावरली असे नाही. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर पडझड झालेल्या काही शाळा दुसऱ्या शाळेच्या इमारतीत भरू लागल्या : यजमान शाळा सकाळी, पाहुणी दुपारी. वर्ग तेच, बाकही तेच, फक्त भिंतीवरची चित्रे दुसऱ्या मुलांची. शिकवणे सुरू झाले खरे, पण दुपारच्या पाळीतल्या मुलांचे खेळ, घरी पोचायची वेळ, सगळेच बदलले. अशा वेळी शिक्षकाचे स्वतःचे घरही पडलेले असते, आणि हा मुद्दा नियोजनाच्या कागदांत सहसा शेवटी येतो.

उपचारांबाबत शाळेचे पारडे जड आहे. डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर दीड वर्षाने ग्युम्री शहरातल्या काही शाळांत आघात आणि दुःख यांवर काम करणारी सत्रे झाली. प्रशिक्षित माणसे कमी असल्याने बाकी शाळांना ती मिळाली नाहीत. तिसऱ्या वर्षी उपचार मिळालेल्यांचा आघातोत्तर तणाव (धक्क्यानंतर मनात रेंगाळणारा त्रास) घटला होता, न मिळालेल्यांचा वाढला होता. न्यू ऑर्लीन्समध्ये कत्रिनानंतर मुलांना शाळेतले गट-उपचार किंवा दवाखान्यातले उपचार देऊ केले गेले. शाळेत ९८ टक्के मुलांनी सुरुवात केली, दवाखान्यात ३७ टक्के. दोन्ही पद्धती गुणकारी होत्या, फक्त दवाखान्यापर्यंत पोचणे अवघड होते. याउलट, घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून मोकळे करून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना वापरू नका असे सांगते.

संशोधनातली मोठी अडचण अशी, की मोजणी आपत्तीनंतर सुरू होते आणि आधीचे मूल कसे होते हे कोणालाच ठाऊक नसते. ॲनेट ला ग्रेका यांच्या चमूला एकदा ही संधी योगायोगाने मिळाली : ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू वादळाच्या पंधरा महिने आधी त्यांनी फ्लोरिडातल्या काही शाळकरी मुलांची चिंता आणि लक्ष देण्याची क्षमता वेगळ्याच कामासाठी मोजून ठेवली होती. वादळानंतर त्यांतल्या ९२ मुलांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा आधीपासून चिंताग्रस्त असलेल्या मुलांना आघाताचा त्रास अधिक झालेला आढळला.