बायजाबाई शिंदे

बायजाबाई शिंदे : (१७८४?–१८६३). ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी. पतीच्या निधनानंतर सहा वर्षे राज्याचा कारभार पाहणाऱ्या कर्त्या स्त्री आणि आपल्या काळातील एक मोठ्या सावकार. जन्म कागलच्या घाटगे घराण्यात. वडील सखाराम ऊर्फ सर्जेराव. दौलतरावांशी विवाह १७९८ मध्ये पुण्यात झाला. त्याच वर्षी सर्जेरावाने पुण्यातील सधन कुटुंबांना छळून पैसा उकळला. तो लग्नखर्चासाठी होता असे परंपरेने सांगितले जाते; परंतु शिंद्यांच्या फौजेचे थकलेले पगार आणि पेशवेपदासाठी दुसऱ्या बाजीरावाने शिंद्यांना कबूल केलेली रक्कम पाहता लग्न हे मुख्य कारण मानणे कठीण आहे. असईच्या लढाईत (१८०३) बायजाबाई स्वतः घोड्यावर बसून लढल्या, ही कथाही उत्तरकालीन दिसते. त्या घोडेस्वारीत तरबेज होत्या एवढे मात्र निश्चित.

दौलतराव मार्च १८२७ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. बायजाबाईंनी त्याच वर्षी शिंदे कुळातील मुकुटराव या अकरा वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन दुसरे जनकोजी या नावाने गादीवर बसवले. पुढील सर्व तंट्याचे मूळ येथे आहे. बायजाबाईंचे म्हणणे असे, की कारभार हयातभर आपल्याकडेच राहावा अशी दौलतरावांची इच्छा होती. जनकोजींच्या पक्षाच्या मते मुलगा सज्ञान होताच कारभार त्याच्या हाती जाणे प्राप्त होते. मृत्युशय्येवर दौलतरावांनी इंग्रज रेसिडेंटपाशी (दरबारातील प्रतिनिधीपाशी) निश्चित व्यवस्था सांगितल्याचे दिसत नाही, आणि नेमक्या त्या मौनाचा प्रत्येक पक्षाने आपल्या सोयीचा अर्थ लावला. इतिहासकार द. ब. पारसनीसांचे मराठी चरित्र बायजाबाईंकडे झुकते, तर ईस्ट इंडिया कंपनीचा पत्रव्यवहार त्यांना सत्तालोभी ठरवतो. दौलतरावांच्या हयातीतच त्या कारभारात किती मुरल्या होत्या हे ध्यानात घेतल्यास, त्यांचा दावा निराधार म्हणता येत नाही.

या दाव्यामागे पैशाचा प्रश्न होता. उज्जैनच्या सावकारीत बायजाबाईंचा मोठा हात होता; हुंडीचा (पैसे पोचते करण्याच्या चिठ्ठ्यांचा) व्यवहार, माळव्यातील अफूचा व्यापार आणि नाण्यांचा बट्टा (नाणी बदलून देण्याची कसर) यांतून त्यांच्या हाती भांडवल जमले. बनारसच्या पेढ्यांतही त्यांच्या ठेवी होत्या. खुद्द कंपनी सरकारने त्यांच्याकडून मोठे कर्ज घेतले होते. यातील खासगी किती आणि दौलतीचे (राज्याचे) किती, हा वाद त्या पदच्युत झाल्यावर पेटला. जनकोजींनी बनारसच्या ठेवीवर राज्याचा हक्क सांगितला. मराठी दरबारांत खासगी आणि सरकारी जमाखर्च वेगळा ठेवण्याची रीत जुनी होती, तरी व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळत. विधवेचा पैसा तर तिचा स्वतःचा मानायलाच कोणी सहज तयार नसे.

जुलै १८३३ मध्ये फौजेचा एक भाग जनकोजींना मिळाला आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. कंपनी मध्ये पडली नाही. (त्यांचे बंधू हिंदुराव पुढे दिल्लीत स्थायिक झाले, तेथील हिंदुराव रुग्णालयाचे नाव त्यांच्यावरून आले.) आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद असा प्रवास करीत त्या शेवटी दक्षिणेत नाशिकला आल्या. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३५ मध्ये त्यांना फत्तेगडच्या छावणीत भेटली. तिच्या वर्णनातील बायजाबाई स्थूल बांध्याच्या, पिकल्या केसांच्या व गोड हसऱ्या आहेत. अंगावर साधे लाल रेशमी वस्त्र आणि हातात सोन्याच्या दोन बारीक पट्ट्या. वैधव्यामुळे बाकीचे दागिने त्यांनी सोडले होते. विधवांच्या आयुष्यातील निर्बंधांविषयीही दोघींचे बोलणे झाले. दरबारी कागदांत न सापडणाऱ्या बायजाबाई केवळ या वृत्तांतामुळे आपल्याला दिसतात, म्हणून त्याचे मोल फार आहे.

जनकोजी १८४३ मध्ये वारले. त्यानंतर बायजाबाईंना पुन्हा शिंद्यांच्या मुलखात येता आले. १८५७ मध्ये त्या मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याच्या वार्तेनेच ‘माझा प्रवास’ लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या गर्दीत सापडले. जून १८५८ मध्ये नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीने ग्वाल्हेर घेतले, तेव्हा बायजाबाईंना आपल्या बाजूस वळवण्याचा प्रयत्न झाला. त्या मात्र राजघराण्यातील स्त्रियांसह नरवरकडे गेल्या. ग्वाल्हेर येथे १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्मरण राजधानीपेक्षा तीर्थक्षेत्रांत अधिक टिकले. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरील स्तंभयुक्त मंडप त्यांनी १८२८ मध्ये बांधवला. तेथील शिंदे घाटाचे काम १८३० च्या सुमाराचे. अतिशय वजनामुळे बांधकाम खचले. घाटालगतच्या कललेल्या रत्नेश्वर मंदिराचे श्रेयही काही जण बायजाबाईंना देतात. अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने ते बांधले, ही कथा अधिक लोकप्रिय आहे. राजा मानसिंगाच्या सेवकाने ते मातृऋण फेडण्यासाठी उभारले, असे सांगणारी तिसरी आख्यायिकाही आहे. मंदिराचे नाव दासीच्या कथेला पोषक वाटते, तथापि अशा कथा पुष्कळदा नावावरूनच रचल्या जातात. पंढरपूरचे द्वारकाधीश मंदिर मात्र बायजाबाईंचेच असून ते १८४९ च्या सुमाराचे मानतात.